माझ्या मतपत्रिकेवर ठाणेदारांचं नाव नव्हतं

नोव्ही, मिशिगन
१३ नोव्हेंबर २०२२

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली मिशिगनच्या निकालाची बातमी आईने बेळगावहून फोटो काढून पाठवली आणि मागोमाग तिचा फोन आला, ‘मत श्री ठाणेदारांनाच दिलंस ना?’ ठाणेदार, आपल्या बेळगावात वाढलेले, अमेरिकेच्या संसदेवर निवडून आले ते मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातून, म्हणजे डेट्रॉइट भागातून. मी नोव्हीची, माझा मतदारसंघच वेगळा. ‘मग मिशिगनच्या मराठी माणसांनी निवडून दिलं असं पेपरात कसं आलं?’ अर्धा तास समजावलं, तरी मी मुद्दाम मत दिलं नाही हेच तिच्या मनात राहिलं. मला रात्रभर झोप नाही.

ठाणेदारांचं कौतुक आमच्याही घरी आहे. पण तुमच्या बातमीत दुसरं जवळपास काहीच नाही. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर मी रांगेत उभी राहिले आणि पाठपोट छापलेल्या मतपत्रिकेवर एकेक गोल काळ्या शाईने रंगवला. नागरिकत्व मिळाल्यानंतरचं माझं पहिलं मत! त्यात राज्यपालपद होतं, राज्याची दोन्ही सभागृहं होती, गर्भपाताच्या हक्काचा प्रस्ताव होता. तो प्रस्ताव मंजूर झाला, राज्यपाल ग्रेचेन व्हिटमर पुन्हा निवडून आल्या आणि दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे आली, सिनेट (वरिष्ठ सभागृह) २०-१८ आणि कनिष्ठ सभागृह ५६-५४ अशी. राज्यपाल आणि दोन्ही सभागृहं एकाच वेळी त्या पक्षाच्या हाती, असं जवळपास ४० वर्षांत घडलं नव्हतं. मतदारसंघांच्या सीमा यंदा पहिल्यांदाच आमदारांऐवजी १३ सामान्य नागरिकांच्या आयोगाने आखल्या, तोही २०१८ मध्ये लोकांनीच मतदान करून आणलेला. ही बातमी नव्हती का?

माझी सहकारी डेट्रॉइटची, कृष्णवर्णीय. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या ऑगस्टच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार उभे राहिले, मतं फुटली आणि सुमारे २८ टक्क्यांवर ठाणेदार पुढे गेले. बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या त्या शहराचा जवळपास ७० वर्षांत पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी नसेल. बुधवारी डबा खाताना ती गप्पच होती. मी अभिनंदन कुणाचं करायचं होतं?

आणखी एक. ‘सिनेट जिंकली’ या ओळीशेजारी तुम्ही वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचं, म्हणजे देशाच्या संसदभवनाचं, चित्र छापलंत. ही सिनेट मिशिगनची राजधानी लान्सिंगची, राज्याची. वॉशिंग्टनच्या सिनेटसाठी यंदा मिशिगनमध्ये निवडणूकच नव्हती.

कृपया दुरुस्ती छापा, आणि ठळक छापा. आई चष्मा लावूनही बारीक अक्षर वाचू शकत नाही.

आपली,
बेळगावची एक जुनी वाचक