अडीचशे रुपयांच्या दंडाने कीड अडणार नाही

महोदय,

आपल्या वनस्पती संरक्षणाचा पाया अजूनही 1914 चा विध्वंसक कीटक व रोग कायदा आहे. परदेशी मालासाठी 2003 चा प्लांट क्वारंटाइन (वनस्पती विलगीकरण) आदेश आहे. त्यात कीड-जोखीम विश्लेषण, आयात परवाना, निर्यातदार देशाचे फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र, बंदरावरची तपासणी हे सारे येते. खरी उणीव देशांतर्गत आहे. 1914 च्या कायद्याच्या कलम 4अ खाली राज्याराज्यांतली रोपांची वाहतूक केंद्राला रोखता येते, पण मोडणाऱ्याला पहिल्यांदा दंड जास्तीत जास्त 250 रुपये! रोपांच्या एका ट्रकपुढे ही रक्कम काहीच नाही. 2018 मध्ये कर्नाटकात आढळलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात मक्यावर आली. तिचा पतंग उडत येतो, त्याला नाका अडवत नाही. तिथे लागते सततचे सर्वेक्षण आणि तातडीचे अधिकार. केळीच्या पर्णगुच्छ रोगाचे तसे नाही, तो मावा किडीतून आणि रोगट कंदांतून पसरतो. बाग उपटायला लावून भरपाई दिली नाही, तर शेतकरी रोग कळवणार कशाला? म्हणून भरपाई कायद्यातच हवी. 2013 चे कृषी जैवसुरक्षा विधेयक लोकसभा विसर्जित होताच बारगळले. ते सुधारून पुन्हा मांडावे.

एक कृषी पदवीधर