आणीबाणीचे कागद आणि आठवणी वाचनालयाला द्या

सप्रेम नमस्कार,

डिसेंबर १९७५ मध्ये कराडला ५१वं मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आपल्या गावातूनही काही मंडळी एसटीने गेली होती. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. देशात आणीबाणी आणि सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण आजारी. दुर्गाबाईंनी मंत्र्यांदेखत जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. एवढं पुस्तकांत सापडतं. मांडवात मागे बसलेले आपल्या शाळेचे मास्तर त्या वेळी काय करत होते, ते कुठेच सापडत नाही. वाचनालयाला हवंय ते हेच.

आधी आमच्याच घरातलं सांगतो. मागच्या पावसाळ्यात गळक्या कपाटातून जुन्या इतिवृत्ताची वही बाहेर काढली. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळात कार्यकारिणीच्या बैठका नेमाने झाल्या. पंखा दुरुस्ती आहे, दिवाळी अंकांची वर्गणी आहे. ‘आणीबाणी’ हा शब्द एकदाही नाही. एक साप्ताहिक बंद केल्याची नोंद मात्र आहे, कारण ‘वाचक नाहीत’. त्याच साप्ताहिकाचे अंक टेबलावरून पळवले जातात, अशी तक्रार वर्षभर आधीच्या पानावर आहे! कुणी दम दिला होता, की आम्हीच आधी घाबरलो? त्या कार्यकारिणीतलं आज कुणीही हयात नाही.

मिसा, म्हणजे अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली, खटल्याविना माणूस उचलला की कारण सांगण्याचं बंधन सरकारवर नव्हतं. त्यामुळे घरात आदेशाचा कागद असला तरी त्यावरून फारसं कळत नाही. नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी अशा अटकेला दाद मागता येते असं म्हटलं होतं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते दार बंद केलं. वेगळं मत देणारे न्या. खन्ना पुढे सरन्यायाधीशपदाला मुकले. तो निकाल चुकीचा होता, हे त्याच न्यायालयाने सांगायला २०१७ साल उजाडलं. निकालपत्रं जपली जातात. घरची पोस्टकार्डं रद्दीत जातात.

तेव्हा माळे, ट्रंका, देवघरामागचे कोनाडे एकदा बघाच. तुरुंगाचा शिक्का असलेली पत्रं, सायक्लोस्टाइल पत्रकं, स्थानबद्धतेचे आदेश, नसबंदीचे दाखले, इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमाची भित्तिपत्रकं, काहीही चालेल. संघवाले, समाजवादी, काँग्रेसवाले, सगळ्यांचं हवं. ‘तेव्हा कचेरीत कामं वेळेवर व्हायची’ असं आजही म्हणणाऱ्यांचंही हवं, कारण तेही खोटं बोलत नसतात. आणि तुरुंगात गेलेल्यांपेक्षा मागे घर चालवलेल्या बायकांना आजवर कुणी विचारलेलंच नाही. त्यांच्याकडे आम्ही स्वतः येऊ, तास-दोन तास बसू. घाई आहे, तेव्हा विशीत असलेली माणसं आज सत्तरीपार आहेत.

मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही. तुमच्यासमोर स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ. नाव झाकायचं असेल तर झाकू.

पैसेही लागणार आहेत. स्कॅनर, ध्वनिमुद्रणाचं यंत्र, साठवणुकीच्या दोन हार्ड डिस्क आणि मुलाखती उतरवून काढणाऱ्या दोन विद्यार्थ्यांचं वर्षभराचं मानधन धरून १,६०,००० रुपयांचा अंदाज आहे. शंभर रुपयेही चालतील. देणगी धनादेशाने किंवा थेट वाचनालयाच्या खात्यात द्यावी. पावती मिळेल, आयकरात सवलत मिळणार नाही. राजकीय पक्ष आणि निवडणुकीला उभे राहणारे यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, असा ठराव झाला आहे. या वेळी तो इतिवृत्तात कारणासकट लिहिला आहे.

कागद घेऊन यायचं ते रविवारी सकाळी नऊ ते बारा, मागच्या दाराने. पुढच्या दाराची पायरी खचली आहे.

आपली,
वाचनालय कार्यकारिणी