आई-बाबांना पत्र : रेश्माच्या ॲडमिशनआधीची कागदपत्रं

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, रेश्माला स्कॉलरशिप मिळणारच आहे, मग फीची काळजी कशाला. म्हणून सगळं कागदावर लिहून पाठवतोय. फोनवर निम्मं रेंजमध्ये जातं आणि निम्मं विसरतं.

स्कॉलरशिप मिळेल, पण ॲडमिशनच्या वेळी मिळणार नाही. आपण मराठा, म्हणजे कर्नाटकच्या मागासवर्ग यादीत ३बी प्रवर्ग. आपल्याला आधी फी भरावी लागते. मग एसएसपी, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज, त्याला कॉलेजचा शिक्का, मग खात्याची तपासणी, आणि शेवटी पैसे. तोवर वर्ष सरत येतं, कधी पुढचं उजाडतं. अर्जातच फीची पावती मागतात, यावरूनच काय ते समजा. तेव्हा पहिल्या वर्षाची फी घरातून जाणार हे धरूनच चला, स्कॉलरशिप दुसऱ्या वर्षाच्या कामी येईल. एजंट म्हणतो "पैसे आलेच समजा", त्यावर विसंबून सोसायटीतून कर्ज उचलू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नाव. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डावर ती "रेश्मा एम पाटील" आहे आणि आधारवर "रेश्मा मारुती पाटील". इकडे शाळेच्या रजिस्टरला इनिशियल लावायची पद्धत, आणि आपण आधार काढताना वडिलांचं नाव पूर्ण सांगतो, त्यामुळे आपल्या भागातल्या निम्म्या पोरांचं हेच होतं. एसएसपी दहावीचा नंबर घेऊन बोर्डाकडचं नाव ओढतं आणि आधारशी लावून बघतं. जुळलं नाही की अर्ज तिथंच अडकतो, आणि का अडकला ते स्क्रीनवर धड सांगत नाही. बदलायचं आधार, मार्क्सकार्ड नाही. मार्क्सकार्डाची दुरुस्ती शाळेतून बोर्डाकडे जाते, त्यात महिने मोडतात. आधार केंद्रावर फोटो असलेलं मार्क्सकार्ड मूळ प्रत दाखवून नाव बदलून मिळतं. पण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून पावतीवरचं स्पेलिंग एकेक अक्षर मार्क्सकार्डाशी लावून मगच सही करा. त्याच फेरीत तिचा चालू मोबाइल नंबर आधारला जोडून घ्या. बाबांचा जुना नंबर रिचार्जअभावी बंद पडला, आणि ओटीपी अजून तिकडेच जातो.

आधार सुधारल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. जात-उत्पन्न दाखला, बँक, सगळं आधारवरचं नाव धरून चालतं.

दाखल्यासाठी नाडकचेरीत (महसूल खात्याच्या कचेरीत) जा, किंवा गावच्या ग्राम वन सेवा केंद्रातून अर्ज टाका. आपल्याला जात आणि उत्पन्न एकाच दाखल्यावर मिळतं, त्याला नमुना एफ म्हणतात (प्रवर्ग १ वाल्यांचा नमुना ई). बाबांचं आणि रेश्माचं आधार, रेशनकार्ड आणि "हिंदू मराठा" लिहिलेला शाळेचा दाखला जवळ ठेवा. तलाठी चौकशीला आला की घरी कुणीतरी पाहिजे, "घर बंद" शेरा पडला की अर्ज मागे. दाखला कन्नडमध्येच येतो, म्हणून काउंटरवरून हलायच्या आधी रेश्मालाच वाचायला सांगा : नाव, वडिलांचं नाव, प्रवर्ग ३बी, उत्पन्नाचा आकडा. खाली आरडीपासून सुरू होणारा नंबर असतो, एसएसपीला तोच लागतो, कागद नाही. दाखला पाच वर्षं चालतो. तिचा आठवीतला कपाटात असेल, पण त्यावर जुन्या आधारचं नाव आहे, तेव्हा नवाच काढा. उत्पन्नाची मर्यादा प्रवर्गाप्रमाणे आणि योजनेप्रमाणे वेगळी असते आणि त्या वर्षीच्या सूचनेत छापलेली असते. शेजारच्या पोराला मिळालं म्हणून आपल्यालाही मिळेल असं नसतं.

बँकेचं सांगतो, कारण मंजूर झालेले पैसे इथेच परत जातात. "आधार लिंक आहे" असं बँकेत सांगतात ते बहुतेक वेळा केवायसीपुरतं असतं. सरकारी पैसे यायला खातं एनपीसीआय (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) हिच्या यादीत आधारशी जोडलेलं लागतं, त्याचा वेगळा फॉर्म असतो. फॉर्मवर "डीबीटीसाठी" (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) लिहिलंय ना बघा, आणि पोच घ्या. आठवड्याने आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस उघडा, कुठल्या बँकेचं नाव दिसतं ते कळेल. शेवटी ज्या बँकेने जोडलं तिथेच पैसे पडतात. म्हणजे उद्या तिने बेळगावात नवीन खातं उघडून तिथं आधार दिलं, तर स्कॉलरशिप गुपचूप तिकडे जाईल आणि तुम्ही इथे पासबुक भरत बसाल.

तिचं आत्ताचं खातं शाळेत असताना आईबरोबर उघडलेलं, अज्ञान म्हणजे अल्पवयीन मुलाचं खातं. अठरा पूर्ण झाले की बँक नवीन फोटो, सही आणि पॅन किंवा फॉर्म ६० मागते, नाही दिलं तर व्यवहार थांबवते, आणि थांबलेल्या खात्यावर आलेले पैसे परत फिरतात. तिला नोव्हेंबरात अठरा होतील, त्याच आठवड्यात जाऊन या. गावच्या पतसंस्थेतलं खातं यासाठी उपयोगाचं नाही, ती बँक नव्हे. बँकेच्या चकरा नको असतील तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढा, तो मशीन घेऊन दारात येतो आणि डीबीटीचं जोडणं त्यातच होतं. मला तर हा मार्ग सगळ्यात कमी कटकटीचा वाटतो, आईला तालुक्याला जावं लागत नाही.

मग कॉलेज. रेश्माने एसएसपीवर स्वतःचं खातं उघडायचं, पासवर्ड सायबरवाल्याकडे ठेवायचा नाही. बोनाफाईड, फीची पावती, हॉस्टेल असेल तर त्याचा दाखला, हे कॉलेजमधले नेमलेले अधिकारी ई-अटेस्ट करतात आणि प्रत्येक कागदाला एक नंबर मिळतो. तो नंबर अर्जात टाकायचा, स्कॅन नव्हे. ही रांग शेवटच्या आठवड्यात लांबते, म्हणून पोर्टल उघडल्याबरोबर तिने क्लार्कसमोर उभं राहावं. अर्ज सबमिट झाल्यावर मिळणारी पावती मला व्हॉट्सॲपवर टाका. दुसऱ्या वर्षी नव्याने सगळं नको, पण नूतनीकरणाचा अर्ज भरावाच लागतो. तो आपोआप होत नाही आणि बरेच जण इथेच गळतात.

विद्यासिरी वेगळी. हॉस्टेलमध्ये जागा न मिळालेल्यांना खोली-जेवणासाठी ती २०१३-१४ साली सुरू झाली, तेव्हा महिन्याला १५०० रुपये, वर्षातले दहा महिने. बीसीएम (मागासवर्ग खात्याचं) हॉस्टेल मिळालं तर विद्यासिरी नाही, दोन्ही एकदम चालत नाही. माझं मत, हॉस्टेलचा अर्ज आधी टाका. त्याचं पोर्टल वेगळं आहे आणि जागा मोजक्याच. रोज खानापूरहून ये-जा करणार असेल तर शक्ती योजनेत मुलींना राज्याच्या साध्या बसला तिकीट नाही, कर्नाटकचा पत्ता असलेलं आधार बरोबर ठेवलं की झालं.

बाबा, शेतकऱ्यांच्या मुलांची रैत विद्यानिधी तुम्ही सोडून दिली होती ती धरा. २०२१ साली सुरू झाली तेव्हा बीए-बीएस्सी-बीकॉम करणाऱ्या मुलीला वर्षाला ५,५०० रुपये होते आणि इंजिनिअरिंग-मेडिकलच्या मुलीला ११,०००. मुलांना त्याहून थोडे कमी. पण ती फ्रूट्स आयडीवर, म्हणजे शेतकऱ्याच्या सरकारी नोंदणी नंबरावर चालते, ज्याला सगळे एफआयडी म्हणतात, आणि एफआयडी ज्याच्या नावे उतारा त्यालाच मिळतो. आपला उतारा अजून आजोबांच्या नावावर. वारसा लावून तुमचं नाव चढलं की रैत संपर्क केंद्रात आधार, बँक पासबुक आणि सर्व्हे नंबर देऊन एफआयडी काढा. काकांबरोबर सामाईक नाव लागलं तरी चालतं, वाटणी होईपर्यंत थांबायची गरज नाही. एसएसपीत वडिलांचं आधार टाकलं की एफआयडी त्यातून ओळखला जातो, म्हणून तिथे आईचं आधार टाकू नका.

आता फी कुठून काढायची ते. राज्याच्या मुलींसाठीच्या भाग्यलक्ष्मी योजनेचा बाँड आईच्या ट्रंकेत आहे, लाल पिशवीत. रेश्मा नोव्हेंबर २००८ ची. ऑगस्ट २००८ नंतर जन्मलेल्या मुलींना अठरा पूर्ण झाल्यावर लाखाच्या आसपास मिळतात, त्याआधीच्यांना खूप कमी, पहिल्या मुलीला साधारण ३४ हजार. तेव्हा शेजारणीच्या मुलीच्या बाँडाशी तुलना करत बसू नका. मुलगी किमान आठवीपर्यंत शिकलेली हवी आणि अठराच्या आत लग्न झालेलं नको. मूळ बाँड, तिचं आधार, पासबुक आणि शाळेचा दाखला अंगणवाडीच्या बाईंकडे द्या, फाइल तिथून सीडीपीओ (बालविकास अधिकारी) कार्यालयात जाते. बाँडवरचं नाव आणि जन्मतारीखही आधारशी जुळली पाहिजे. तफावत असेल तर आत्ताच दाखवा, नोव्हेंबरात नव्हे. जूनच्या फीला हे पैसे उपयोगी नाहीत, पण दुसऱ्या वर्षाला घसघशीत आहेत.

जूनसाठी पोस्टातलं सुकन्या समृद्धी खातं बघा. दहावी झालेल्या मुलीच्या शिक्षणासाठी मागच्या मार्चअखेर असलेल्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत काढता येतात, पण कॉलेजच्या फीच्या कागदावर जेवढा आकडा असेल तेवढेच. म्हणजे पोस्टात जाताना ॲडमिशनचं पत्र किंवा फीचं चलन हातात हवं. तुम्ही दोन वर्षं भरणा केला नाही, खातं बंद नाही, थकलेलं आहे. दर वर्षी २५० रुपये किमान आणि ५० रुपये दंड भरला की पुन्हा चालू होतं. व्याज सध्या ८.२ टक्के आहे, एवढं सहसा एफडीला मिळत नाही, म्हणून फीपुरतंच काढा आणि उरलेलं पडू द्या.

बीएस्सी ठरली तर कर्जाची गरजच नाही. इंजिनिअरिंग ठरलं तर केईएच्या (राज्याची सीईटी घेणारी संस्था) प्रवेशप्रक्रियेत उत्पन्नाचा दाखला लावून जादा ५ टक्के जागांवर, म्हणजे एसएनक्यूवर, हक्क सांगा. तिथे ट्यूशन फी माफ असते. ग्रामीण कोटाही तिचाच, पहिली ते दहावी गावातच शिकली आहे, बीईओची (गटशिक्षणाधिकाऱ्याची) सही लागते. कन्नड माध्यमाचा कोटा मात्र आपला नाही, ३७१-जे कलमाचं आरक्षणसुद्धा नाही, ते कलबुर्गी-बिदरकडचं. एवढ्यावर भागलं नाही तर बँकेचं शैक्षणिक कर्ज : साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पात्र कोर्ससाठी शिक्षण संपून वर्ष होईपर्यंतचं व्याज केंद्र सरकार भरतं. ते मॅनेजर स्वतःहून सांगत नाहीत, अर्जाबरोबरच उत्पन्नाचा दाखला जोडा. राज्याच्या मराठा विकास निगमकडे अरिवु नावाचं कमी व्याजाचं कर्ज आहे, ते सेवा सिंधू पोर्टलवर बघतो मी.

काका कोल्हापूरचं म्हणत होते. महाराष्ट्राच्या सीईटीत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना एमकेबी (महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभाग) म्हणून अर्ज करता येतो, सीमाभागातला रहिवास आणि मातृभाषा मराठी असल्याचे दोन दाखले लागतात. त्यातून ॲडमिशन मिळतं. पण आपल्या कर्नाटकच्या जात दाखल्याने तिकडे आरक्षण मिळत नाही, आणि तिकडची कुठली स्कॉलरशिप सीमाभागातल्यांना चालते ते आधी बघावं लागेल. म्हणजे जागा तिकडे आणि पैसा कुठूनच नाही, असं व्हायला नको. आणखी एक, मराठी भाषिक म्हणून अल्पसंख्याक खात्याची स्कॉलरशिप आपल्याला नाही, ती धर्मावर आहे. त्या अर्जाचे दोनशे रुपये कुणाला देऊ नका.

आई, तिचे पीयूसीचे (बारावीचे) मार्क बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत आले तर केंद्राची वर्षाला १२,००० ची एक स्कॉलरशिप आहे, पण ती घेतली तर राज्याची सोडावी लागते. निकाल लागल्यावर दोन्हींचा हिशेब करून सांगतो, तोवर कुणाला हो म्हणू नका.

तुमचा,
संतोष

ता. क. वारशासाठी आजोबांचा मृत्यू दाखला मूळ लागतो. आपल्याकडची झेरॉक्स पुसट आहे, नवी प्रत काढून आणा, दोन आणा.