बाबा, गाडी एवढ्यात विकू नका

फोंडा, गोवा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले की दादा स्पीकर लावतो, मग सगळे एकदम बोलतात आणि मुद्दा राहूनच जातो. म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, तू वाचून दाखव, बाबांच्या डोळ्यावर ताण नको.

आधी महत्त्वाचं: गाडी चढावर तापली म्हणून गॅरेजवाल्यांनी गॅस्केट गेलंय असं सांगितलं असलं, तरी इंजिन शाबूत आहे. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधली पट्टी, गेलेलं नाही, हेड उतरवायची गरज नाही. गाडी बघायला आलेल्या त्या गृहस्थांना मी बाबा पुण्याहून येईपर्यंत थांबायला सांगितलंय. त्यांनी सांगितलेली किंमत मेलेल्या इंजिनाची होती, आणि आपलं इंजिन मेलेलं नाही.

झालं होतं ते असं. उन्हाळ्यात रेडिएटर बदलला तेव्हा गॅरेजमध्ये कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, ती पांढरी प्लास्टिकची बाटलीही काढली होती. त्या बाटलीला दोन तोंडं आहेत. एकाची नळी आत तळापर्यंत जाते, दुसरं वरच्या वर उघडतं, जास्तीचं बाहेर जायला. रेडिएटरच्या मानेपासून येणारा बारीक पाइप पहिल्यावर बसायला हवा. त्यांनी तो दुसऱ्यावर बसवला. क्लिपसुद्धा व्यवस्थित लावलेली, त्यामुळे वरून बघणाऱ्याला शंका येण्यासारखं काहीच नाही.

आता यानं काय बिघडतं ते सांगते. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग उचलली जाते आणि जास्तीचं कूलंट बाटलीत जातं. गाडी थंड झाली की कूलंट आकसतं, झाकणातली दुसरी छोटी झडप उघडते आणि रेडिएटर बाटलीच्या तळातून ते परत ओढून घेतो. आपल्या गाडीत जायचं ते जात होतं, पण परत ओढताना पाइपाचं तोंड कूलंटच्या वर, हवेत. मग ओढली जायची ती हवा. प्रत्येक फेरीला थोडं कूलंट बाहेर, तेवढीच हवा आत. बाटली रेघेपर्यंत भरलेली आणि रेडिएटर वरून रिकामा होत चाललेला!

गॅरेजवाल्यांनी बाटली बघितली, भरलेली दिसली, आणि पाणी पुरेसं असून गाडी तापते म्हणजे गॅस्केटच, असा निकाल देऊन टाकला. गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघायला दोन मिनिटं लागतात. तेवढं न करता वडीलधाऱ्या माणसाला हेड उतरवायचा खर्च सांगायचा, याचा मला फार राग आला. अजून आहे.

आणि आई, तुझं खरं होतं. पोर्चमध्ये गोडसर वास येतो असं तू जूनपासून सांगत होतीस. पुढच्या चाकामागे लादीवर हिरवट डाग होता, तो एसीच्या पाण्याचा म्हणून त्यांनी उडवून लावला. एसीच्या पाण्याला ना रंग असतो ना वास. बाटलीतलं परत जात नव्हतं, वर नवं येत होतं, मग जास्तीचं उरलेल्या नळीतून ठिबकत होतं. तुझ्या त्या वासावरूनच मी बाटलीकडे वळले.

बाटलीवर कूलंटच्या पातळीला चिकटपट्टी लावली, गाडी तापवून आणली, बंद केली. सकाळी बघितलं तर पातळी तिथल्या तिथे. नीट चालणाऱ्या गाडीत ती रात्रीतून खाली यायला हवी. मग झाकण उघडून टॉर्च मारला. कूलंट मानेपर्यंत असायला हवं, तिथे रेडिएटरच्या वरच्या नळ्यांची तोंडं कोरडी दिसत होती.

तरी गॅस्केटची खात्री करायची होतीच, कारण गाडी एकदा तापली होती. डिपस्टिकवरचं ऑइल काळं, पण स्वच्छ, दुधाळपणा नाही, म्हणजे त्यात कूलंट मिसळलेलं नाही. चारही प्लग कोरडे. कॉम्प्रेशन गेज मागून आणून मोजलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे. रेडिएटर भरून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, तर सुरुवातीला अडकलेली हवा निघाली आणि मग बुडबुडे थांबले. गॅस्केट फुटलं असतं तर ते थांबले नसते.

हे सगळं शाबूत राहिलं ते बाबा, तुमच्यामुळे. म्हार्दोळ सोडून फर्मागुडीचा चढ लागला आणि काटा वर गेला, तेव्हा "पोचू कसंतरी घरी" असं न म्हणता तुम्ही गाडी कडेला घेतलीत, इंजिन बंद केलंत. कोणी बाटलीतलं गार पाणी ओतायला आला, त्याला ओतू दिलं नाहीत. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. तापलेलं तसंच दामटलं की ते वाकतं, आणि गार पाणी पडलं की तडकूही शकतं. चढ संपेपर्यंत चालवली असती तर गॅरेजवाल्यांचा निकाल खरा ठरला असता.

पाइप योग्य तोंडावर बसवला, नवी क्लिप लावली. झाकणाचं रबर कडक झालं होतं, म्हणून झाकणही बदललं. आई, ते झाकण कुकरच्या झाकणासारखंच काम करतं. उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळतं, पण दाबाखाली निम्मं कूलंट नि निम्मं डिस्टिल्ड वॉटर १२० च्या पुढेही उकळत नाही. म्हणून गरम गाडीचं ते झाकण कोणीही, कधीही उघडायचं नाही. जुनं कूलंट काढून नवं भरलं. हवा वरच्या बाजूला साचते, म्हणून गाडी फाटकाच्या उतारावर तोंड वर करून लावली, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, वरचा जाड पाइप हातानं दाबत राहिले. तो हळूहळू तापत गेला, थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर उघडणारी झडप, उघडला, पातळी एकदम खाली गेली, परत भरलं. मग पंखा फिरला, बंद झाला, पुन्हा फिरला. सगळा खर्च दीड हजारांच्या आत.

त्यानंतर एसी लावून मोलेवरून अनमोड घाट चढून आले, भर पावसात. काटा निम्म्याच्या वर सरकला नाही. सकाळी चिकटपट्टीपाशी बघितलं तर पातळी बोटभर खाली आली होती. रेडिएटरनं आपलं कूलंट परत ओढलं होतं.

बाबा, त्या दिवशी रस्त्यात उभं राहावं लागलं ते तुमच्या मनाला लागलंय, मला दिसतं. दादाकडे जाताना तुम्ही म्हणालात, गाडीही थकली आणि मीही, आता दोघांनी थांबावं. गाडी थकलेली नव्हती. तिचा एक पाइप दुसऱ्याच कोणीतरी चुकीच्या जागी लावला होता. तुम्ही पुढे गाडी चालवायची की नाही ते मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डोळ्यांचे डॉक्टर तपासून सांगतील. ते नको म्हणाले तर मीही आग्रह धरणार नाही, गाडी मी चालवीन आणि तुम्ही शेजारी बसा. पण गॅरेजमधल्या चुकीच्या निदानावरून तुम्ही स्टिअरिंग सोडलेलं मला चालणार नाही.

चवथीला केरीला आपल्याच गाडीतून जाऊ. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं सामान, आईचे डबे, पाट, सगळं मागे बसतं. चोर्ल्याच्या बाजूला पाऊस खूप आहे, म्हणून टायर नि वायपरही बघून ठेवते.

एक राहिलंच. उरलेलं कूलंट मी माळ्यावर ठेवलंय, कुलपात. ते चवीला गोड पण विषारी असतं, आणि शेजारचा कुत्रा आपल्या पोर्चमध्येच झोपतो. डागाची लादीही साबणानं धुऊन घेतली आहे.

बसचं तिकीट काढलंत की कळवा, कदंबच्या स्टँडवर न्यायला येते. डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा आईनं कागदावर लिहून आणाव्यात.

तुमची,
बाय