एंडोक्रायनॉलॉजीचा विचार कर : डॉक्टर होणाऱ्या लेकीस पत्र

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इंटर्नशिप संपत आली तरी ब्रँचचा निर्णय होत नाही, वसतिगृहात जो तो रेडिओलॉजी नाहीतर डर्माच्याच गोष्टी करतो, असे तू परवा फोनवर सांगितलेस. मी एंडोक्रायनॉलॉजीचे, म्हणजे हार्मोन आणि ग्रंथींच्या विकारांच्या शाखेचे, नाव काढताच तू हसलीस आणि विचारलेस की, आयुष्यभर लोकांची शुगरच बघत बसू का? तुझा प्रश्न रास्त आहे, पण फोनवर त्याचे धड उत्तर देता येईना. तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून मला रोज जे दिसते, त्याच्या आधारे हे लिहीत आहे. आईचा हट्ट म्हणून वाचू नकोस, एका सीनियरचे मत म्हणून वाच.

आधी शुगरचेच पाहू. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या सगळ्यांना एंडोक्रायनॉलॉजिस्टने तपासणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही. त्यांतले बहुतेक माझ्यासारखे फिजिशियन आणि गावोगावचे फॅमिली डॉक्टर सांभाळतात. आमचे अडते ते पुढे. जन्मल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच ज्याला मधुमेह झाला, अशा बाळाला आम्ही इन्शुलिन सुरू करतो आणि ते जन्मभर चालणार असे आईवडिलांना सांगून मोकळे होतो. एंडोक्रायनॉलॉजिस्ट मात्र जनुकांची तपासणी करायला लावतो, आणि दोष विशिष्ट जनुकात सापडला तर कित्येकदा इन्शुलिन थांबवून ते बाळ सल्फोनिलयुरियाच्या साध्या, स्वस्त गोळीवर राहू शकते. रोजच्या सुयांमधून एक मूल कायमचे सुटते, ते केवळ कुणीतरी नेमका प्रश्न विचारला म्हणून.

आणि या विषयातले मोठे प्रश्न आपल्या दाराशी उभे आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापले होते, ते मिळवून पाहा. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३ आहे, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, ही आपली ठेवण जन्मापासूनच असते, हे पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासातून पुढे आले. तिथल्या बाळांचे सरासरी वजन जेमतेम २.७ किलो होते, तरी त्यांच्या अंगावरची चरबी इंग्लंडमधील साडेतीन किलोच्या बाळांच्या मानाने फारशी कमी भरत नव्हती. काटकुळ्या शेतकऱ्याला पस्तिशीत मधुमेह का होतो, हे परदेशी पाठ्यपुस्तकात शोधून सापडत नाही. ते इथेच बसून शोधावे लागते, आणि ते काम अजून पुष्कळ उरले आहे.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. या शाखेत निदान यंत्रापेक्षा बोलण्यातून अधिक होते, आणि तुला बोलते करता येते. गेल्या पावसाळ्यात चाळिशीतली एक बाई माझ्याकडे दाखल झाली. रक्तदाब खाली गेलेला, सोडियम फारच कमी, बोलण्यात गोंधळ. तिच्याबरोबर आलेल्या सासूने प्लास्टिकच्या पिशवीतून कागदांची चळत काढली. ‘अशक्तपणा’ हे निदान त्यात वर्षानुवर्षे होते, आणि प्रत्येक वेळी सलाईन लावले की चार दिवस बरे वाटायचे. थायरॉईडचा रिपोर्टही होता, टीएसएच (मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला ज्याने हुकूम देते ते हार्मोन) अगदी नॉर्मल. मी सासूला शेवटच्या बाळंतपणाविषयी विचारले. खूप रक्त गेले होते, रक्ताच्या बाटल्या लावाव्या लागल्या होत्या, नंतर अंगावर दूध आलेच नाही आणि पाळीही पुन्हा कधी आली नाही, असे ती सहज सांगून गेली. काखेतले केस पूर्ण गेलेले होते. पुढचे तू ओळखले असशील : शीहान सिंड्रोम. अतिरक्तस्रावात पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटला होता, आणि ग्रंथीच निकामी झाल्यामुळे टीएसएच वाढणार तरी कुठून? टी-फोर, म्हणजे खुद्द थायरॉईडचे हार्मोन, पाहिल्यावर तो तळाला गेलेला निघाला. कॉर्टिसॉल या अॅड्रिनल ग्रंथीच्या हार्मोनसाठी रक्त काढून घेतले आणि रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड सुरू केले. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि तिने चहा मागितला. थायरॉक्सिन मात्र आम्ही मुद्दाम नंतर दिले, कारण स्टेरॉइडच्या आधी ते दिले असते तर अॅड्रिनल क्रायसिस, म्हणजे कॉर्टिसॉलअभावी जिवावर बेतणारा प्रसंग, ओढवला असता. पुण्याच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टने एमआरआय पाहून निदान पक्के केले आणि डोस बसवून दिले. रोजच्या दोन-तीन गोळ्यांवर ती आता शेतात कामाला जाते.

अशा बायका आपल्याकडे आणखी कितीतरी असतील. अॅक्रोमेगालीचा (वाढीचे हार्मोन जास्त झाल्याने हातपाय व चेहरा मोठे होत जाणाऱ्या आजाराचा) रुग्ण तर दहा-दहा वर्षे अंगठी बसेना, चप्पल लहान होते, एवढीच तक्रार करत हिंडतो. त्याच्या लग्नाचा फोटो मागवून चेहऱ्याशी ताडून पाहणारा डॉक्टर भेटेपर्यंत निदान होत नाही. नवजात बाळाचा टीएसएच वेळेत पाहिला आणि थायरॉईड कमी निघाल्यास पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू केले, तर मतिमंदत्व टळते. हिमाचलातील कांगड्याच्या खोऱ्यात १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामींनी सुरू केलेल्या प्रयोगामुळे आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे सिद्ध झाले, आणि आज आपल्या मिसळणाच्या डब्याशेजारी तेच मीठ असते. परिणाम एवढा मोठा आणि साधन एवढे स्वस्त, असे दुसऱ्या शाखांत क्वचितच पाहायला मिळते.

आता दुसरी बाजू. वाट लांब आहे. आधी एमडी मेडिसिनची तीन वर्षे (बालरोगातून गेलीस तरी चालते), मग नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा आणि डीएम या सुपरस्पेशालिटी पदवीची आणखी तीन वर्षे. बाँडची सेवा वेगळी. मेडिसिनची रेसिडेन्सी किती कष्टाची असते, हे तू वॉर्डात पाहतेसच, आणि डीएमच्या जागा मोजक्या असल्याने तिथेही चुरस आहे. पैशाचेही खरे सांगते : कॅथलॅब किंवा एंडोस्कोपीसारखे काही हाती नसल्याने मिळकत कार्डिऑलॉजीइतकी होत नाही, आणि इन्शुलिन कसे घ्यावे हे समजावण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचे वेगळे बिल आपल्याकडे कुणी लावत नाही. (कॉर्पोरेट रुग्णालयांचे व्यवस्थापन या शाखेकडे जरा उपेक्षेनेच पाहते, असे माझे मत आहे.) त्या बदल्यात, एकदा डीएम झाल्यावर, रात्री-अपरात्री धावण्याचे प्रसंग पुष्कळ कमी येतात आणि रुग्ण वीस-वीस वर्षे तुमच्याकडेच येत राहतात. तुझ्या स्वभावाला हे दुसरे मानवेल, असे मला वाटते. रेडिओलॉजीच्या अंधाऱ्या खोलीत तू गप्प बसून राहशील हे मला काही पटत नाही, पण त्यावर तुझे म्हणणे वेगळे असू शकते.

निर्णय लगेच नको. परवानगी मिळाली तर मुंबईच्या केईएममधील एंडोच्या ओपीडीत काही दिवस नुसती मागे उभी राहा. तोवर तुझ्या वॉर्डातल्या इन्शुलिनवरच्या रुग्णांच्या पोटावरून हात फिरवून पाहा. एकाच जागी सुई टोचून झालेल्या गाठी हाताला लागतील, आणि तिथे टोचलेले इन्शुलिन नीट शोषले जात नाही म्हणून शुगर वरखाली होत असेल. जागा बदलायला सांगून पुढच्या आठवड्यातले आकडे वहीत लिहून ठेव. दिवाळीला येशील तेव्हा ती वही घेऊन ये, आपण दोघी बसून पाहू. फीची चिंता करू नकोस, बाबांचे आणि माझे त्यावर बोलणे झाले आहे.

तुझी,
आई