निगेटिव्ह रिपोर्ट जपून ठेवा

महोदय,

यंत्रात बोट सापडले तर दिवस, वेळ, साक्षीदार सगळे जागेवरच असते. कामावर संसर्ग झाला तर तसे नसते. जंतू आज शिरतो. लेप्टोचा (जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) ताप आठ-पंधरा दिवसांनी चढतो, हिपॅटायटिस बी ही रक्तातून पसरणारी कावीळ उमटायला कधी सहा महिनेही लागतात. मग भरपाई मागायला गेले की पहिला प्रश्न येतो : हा आजार कामावरच झाला कशावरून? अगदी खरे दावेही इथेच अडतात, कारण पुरावा गोळा करायची वेळ केव्हाच निघून गेलेली असते.

वापरलेली सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये. लगेच नोंदवहीत लिहून घ्यावे : तारीख, वेळ, सुई पोकळ होती की टाके घालायची, किती खोल गेली, हातमोजे होते का. त्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. ती सुई ज्याला वापरली होती त्या रुग्णाच्या संमतीने त्याचे रक्त तपासावे. आणि त्याच दिवशी स्वतःचेही. आजची लागण इतक्या लवकर रक्तात दिसत नाही, म्हणूनच ही तपासणी मोलाची. या घटनेआधी आजार नव्हता, हे सांगणारा तो एकमेव कागद. बहुतेक जण निगेटिव्ह वाचून निर्धास्त होतात आणि रिपोर्ट हरवून बसतात. पुढे सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने अशा तपासण्या चुकवू नयेत. रुग्ण बाधित असेल तर अशा सुईतून एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. पण लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची शंभरात सहा ते तीस. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. साहेबांच्या मंजुरीसाठी त्या थांबवणे हा गुन्हाच मानला पाहिजे.

गटारात किंवा जनावरांत काम करणाऱ्यांचे दुखणे वेगळे. केसपेपरवर नुसते 'ताप' लिहिले जाते, धंदा कोणी विचारत नाही. तो आपण होऊन सांगावा आणि लिहायला लावावा. लेप्टोची प्रतिपिंडांची (जंतूशी लढायला शरीर तयार करते त्या द्रव्यांची) रक्तचाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत बहुधा निगेटिव्ह येते. दहा ते चौदा दिवसांनी दुसरा नमुना देऊन प्रतिपिंडे चौपट वाढली तर निदान पक्के. पण तोवर ताप उतरलेला असतो, दुसऱ्यांदा कोणी जात नाही आणि कागदावर 'संशयित' तेवढे राहते.

क्षयरोगाचे सर्वांत अवघड. लागण आणि आजार यांत वर्षे जाऊ शकतात. नोकरीला लागतानाची तपासणी हाताशी नसेल तर बोलायला जागाच उरत नाही. बीसीजी लस घेतलेल्याची क्षयाची त्वचाचाचणी फसवी ठरू शकते; तिथे रक्तावरची इग्रा चाचणी बरी.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2010 च्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत क्षय, हिपॅटायटिस, ब्रुसेलोसिस (जनावरांपासून होणारा ताप), लेप्टो नावानिशी आहेत. जून 2025 मध्ये तर जैविक धोक्यांवर स्वतंत्र करारही झाला. तरीही प्रत्यक्षात सिद्ध करण्याचे ओझे आजारी माणसाच्याच डोक्यावर का? दवाखाना, प्रयोगशाळा, गटार, कत्तलखाना इथे यादीतला आजार झाला की तो कामाचाच धरावा आणि तसा नसेल तर मालकाने दाखवावे. नोंदवहीत कंत्राटी कामगाराचेही नाव यायलाच हवे. कचऱ्यातल्या सुया त्यालाही टोचतात.

आपला,
एक वाचक