शेवटी सगळं एकाच गाडीत जातं का?

प्रिय आई-बाबा,
सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघर दाखवताना मोबाइल कोपऱ्यातल्या डब्यांवरून फिरला आणि बाबांनी मध्येच थांबवलं. "हे पाच-पाच डबे कशाला गं?" मी सांगायला लागले तोवर दुसरा प्रश्न आला, "आणि शेवटी सगळं एकाच गाडीत जातं ना?" आई हसली, मीही हसले आणि विषय व्हिसाच्या कागदांवर गेला. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. पुढच्या महिन्यात तुम्ही तीन महिने इथे जर्मनीत राहायला येणार, म्हणजे हे डबे रोज तुमच्या समोर असणार. त्यामुळे फोनवर अर्धवट राहिलेलं लिहूनच काढते.

आधी गाडीचं. बाबा, तुमच्यासारखाच संशय मलाही आला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी काचेसाठी तीन मोठे कंटेनर आहेत: पांढरी काच, हिरवी काच, तपकिरी काच. दोन वर्षं मी इमानदारीने बाटल्या रंगांप्रमाणे टाकत होते. एक दिवस पाहते तर एकच ट्रक आला आणि क्रेनने तिन्ही कंटेनर एकामागोमाग एक त्याच ट्रकमध्ये रिकामे केले. इतका संताप झाला म्हणून सांगू! पुढच्या वेळी तो खळखळाट ऐकला तेव्हा योगायोगाने मी गॅलरीत होते. तिसऱ्या मजल्यावरून ट्रकच्या आत दिसत होतं. मधे लोखंडी भिंती घालून कप्पे केलेले, आणि क्रेनवाला प्रत्येक रंग त्याच्या त्याच्या कप्प्यावर नेऊन सोडत होता. रस्त्यावर उभं राहिलं की यातलं काहीच दिसत नाही.

रंगाचा एवढा आग्रह कशासाठी, तर पांढऱ्या काचेत थोडी जरी रंगीत काच वितळली तरी तिच्यावर छटा येते. हिरवी काच त्यामानाने सोशिक, म्हणून निळी किंवा लाल बाटली असली तर तीही हिरव्यातच टाकायची. बाटल्या आणि बरण्या वितळवून पुन्हा पुन्हा करता येतात. पण आई, फुटलेला पाणी प्यायचा ग्लास मात्र त्यात टाकायचा नाही. त्याची काच वेगळी, बाटलीच्या भट्टीत ती नीट एकजीव होत नाही. कपबशीचे तुकडे तर नकोतच. हे सगळं उरलेल्या कचऱ्याच्या काळ्या डब्यात.

म्हणजे काचेपुरतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. पिवळ्या डब्याचं उत्तर इतकं सरळ नाही आणि तेही लपवत नाही.

पिवळ्या डब्यात पॅकिंग जातं: प्लास्टिक, पत्र्याचे डबे, दुधाचे पुठ्ठ्याचे खोके. माझ्यासमोर आत्ता दह्याचा एक रिकामा कप आहे, तोच घेऊ. बाहेरून पुठ्ठ्याची पट्टी, वर ॲल्युमिनियमचं पातळ झाकण, मधे प्लास्टिकचा कप. झाकण अर्धवट चिकटलेलं ठेवून टाकलं, तर पुढे यंत्राला एकच वस्तू दिसते आणि ती प्लास्टिक की धातू हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून झाकण पूर्ण ओढून काढायचं, पट्टी सोडवून कागदाच्या डब्यात टाकायची. शिवाय एका कपात दुसरा कप खोचायचा नाही. आई, तुझा हात आपोआप खोचायला जाईल, तुला पसारा बघवत नाही. पण दोन वेगळ्या प्लास्टिकचे कप एकात एक अडकले की यंत्राला ते सुटे करता येत नाहीत. कप धुवायची मात्र गरज नाही. चमच्याने खरवडून स्वच्छ केला की पुरे, उगाच गरम पाणी घालवायचं नाही.

कचरा निवडायच्या कारखान्यात हे सगळं पट्ट्यावरून धावतं. वरून इन्फ्रारेड किरण पडतात, परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र प्लास्टिकचा प्रकार ओळखतं आणि हवेचा झोत मारून तो तुकडा बाजूला उडवतं. यात काळ्या प्लास्टिकची गोम अशी, की त्यात काजळी घातलेली असते आणि ती किरणं गिळून टाकते. यंत्राच्या लेखी तिथे काही नसतंच. म्हणून काळ्या ट्रेमधलं सामान मी शक्यतो घेत नाही. तेवढंच आपल्या हातात.

आता खरं उत्तर. इथल्या कायद्याप्रमाणे पिवळ्या डब्याची व्यवस्था बघणाऱ्या कंपन्यांनी प्लास्टिकच्या पॅकिंगपैकी ६३ टक्के पुन्हा माल म्हणून वापरात आणायचं असतं. २०२२ पासून हे प्रमाण आहे, आधी कमी होतं. ६३ म्हणजे १०० नव्हे. उरलेलं बरंचसं जाळलं जातं, त्यातून वीज आणि उष्णता काढतात. आणि २०१८ पर्यंत युरोप-अमेरिकेतल्या स्वच्छ, शहाण्या घरांमधलं कितीतरी प्लास्टिक जहाजांत भरून चीनला जात होतं. त्या वर्षी चीनने दार लावून घेतलं, तेव्हा कुठे या लोकांना आपला कचरा जातो कुठे हे कळलं. तेव्हा बाबा, तुमचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही.

जपानची गंमत याहून वेगळी. तिथल्या दोन वर्षांत मी जेवढी भाषा शिकले त्यातली निम्मी कचऱ्याची होती. कुठल्या वारी काय ठेवायचं याचा तक्ता, पारदर्शक पिशव्या, सकाळी आठच्या आत ठेवायचं, वरून कावळ्यांसाठी जाळी. दुसऱ्याच आठवड्यात माझी पिशवी तिथेच राहिली. बाकीच्या सगळ्या गेल्या, माझी एकटी जाळीखाली, वर लाल स्टिकर. अख्ख्या इमारतीसमोर परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं. मी ती उचलून वर आणत होते, तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जपानी. त्यांनी पिशवी उघडली, बाटली काढली, टोपण फिरवून काढलं, बाटलीवरचं लेबल टर्रकन फाडलं, तीन गोष्टी तीन बाजूंना ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मग मला आत नेऊन दुधाचा खोका कसा धुवायचा, कात्रीने कडेकडेने कापून सपाट कसा करायचा आणि वाळत कसा घालायचा ते दाखवलं. त्यांच्या सिंकशेजारी तसे चार खोके चिमट्याला लावलेले होते, अगदी रुमाल वाळत घालावेत तसे.

एवढं करूनही जपानमधल्या घरगुती कचऱ्यापैकी सुमारे २० टक्केच रिसायकल होतो हे मला नंतर कळलं. बहुतेक शहरांत स्वयंपाकघरातला ओला कचराच मुळी जाळायच्या पिशवीत जातो. देशात पुरायला जागा कमी, म्हणून भट्ट्यांवर भर. भट्टीत धातू आणि काच जाऊ नये यासाठी निवडणं बारीक. शिकोकू बेटावरचं कामिकात्सु हे डोंगरातलं गाव मात्र वेगळं. तिथे कचरागाडीच नाही. २००३ मध्ये त्यांनी शून्य कचऱ्याचा निश्चय जाहीर केला, आणि लोक स्वतः केंद्रावर येऊन कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार वेगळे करतात. तिथे ८० टक्क्यांच्या आसपास रिसायकल होतं. गावात माणसं दीड हजाराच्या आतच, त्यातली बरीच तुमच्या वयाची. तुम्ही दोघं तिथे चपखल बसाल, विशेषतः बाबा.

आईला आवडेल ते कोरियाचं. सोलमध्ये माझी एक मैत्रीण आहे, तिच्या इमारतीखाली उरलेल्या अन्नाचं यंत्र आहे. कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, आत टाकलं की वजन होतं आणि तेवढ्या वजनाचे पैसे तिच्या नावावर चढतात. त्यामुळे ती खाली जायच्या आधी सगळं पाणी निथळून घेते, कारण पाण्याचंही वजन भरतं. बाकीच्या कचऱ्यासाठी पालिकेच्या विकतच्या पिशव्या, ही पद्धत तिथे १९९५ पासून. २००५ पासून उरलेलं अन्न थेट पुरायला बंदी आहे. त्या अन्नाचा काही भाग जनावरांचं खाद्य बनतो, म्हणून हाडं, शिंपले, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा हे त्या यंत्रात चालत नाही. जे जनावर खाईल तेच ओलं. २०१९ मध्ये शांघायमध्ये सक्तीने निवडायचा नियम आला, तेव्हा लोकांनी तो असाच सोपा करून घेतला होता: डुक्कर खाईल तो ओला कचरा, डुक्करसुद्धा खाणार नाही तो सुका, खाऊन डुक्कर मरेल तो घातक, आणि विकून डुक्कर विकत घेता येईल तो रिसायकलचा. इतकं नेमकं सरकारी पत्रक मी अजून वाचलेलं नाही.

तैवानात कचरागाडी धून वाजवत येते आणि लोक पिशव्या हातात धरून वाट बघत उभे असतात, कचरा जमिनीवर टेकवायचाच नाही. आणि ब्राझीलमध्ये घरोघरी असं काही काटेकोर नसताना ॲल्युमिनियमचे जवळजवळ सगळे कॅन परत भट्टीत जातात, कारण ते वेचून विकणाऱ्या लोकांचं पोट त्यावर आहे. आपल्याकडे २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होतेच. पण कागदावरच्या त्या तीन भागांना कचरा वेचणाऱ्यांनीच आजवर तारलंय, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

आता इथे आल्यावरचं थोडं. आई, ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा नाही. 'कुजणारी' असं लिहिलेली पिशवीसुद्धा बहुतेक शहरांना नको असते, ती वेळेत कुजत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळ. दुकानाच्या गुळगुळीत पावत्या कागदाच्या डब्यात टाकायच्या नाहीत, काळ्या डब्यात. बाबा, तुमच्या कानाच्या मशीनचे छोटे सेल कुठल्याच डब्यात नकोत. सेल विकणाऱ्या दुकानांना ते परत घ्यावे लागतात, तिथे दाराशी पेटी असते. इथे येताना जुने साठवून आणू नका, तुम्ही आणाल म्हणून सांगते.

आणि एक खास काम मी बाबांसाठी राखून ठेवलंय. इथे पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, पुन्हा भरून वापरायच्या बाटलीवर ८ किंवा १५. बाटल्या दुकानातल्या यंत्रात एकेक सरकवायच्या. आत फिरवून ते त्यावरचा कोड वाचतं, म्हणून आधी चेपायच्या नाहीत. शेवटी बटण दाबलं की पावती येते, ती काउंटरवर दिली की पैसे. तुमची डायरी आणा, हिशेब लिहायला जागा लागेल.

फक्त दोन-चार बाटल्या मी दर वेळी रस्त्यावरच्या कचरापेटीच्या आत न टाकता बाजूला उभ्या करून ठेवते. इथे बरेच जण तसं करतात. आमच्या भागात एक आजोबा पहाटे कापडी पिशवी घेऊन फिरतात, बाबांच्याच वयाचे. नीट इस्त्रीचा शर्ट, आणि पेटीत हात घालायच्या आधी इकडेतिकडे बघतात. ते पाहिल्यापासून मी बाटल्या आत टाकलेल्या नाहीत. तुम्ही सोबत आलात तर त्या ठेवल्यावर तिथे रेंगाळू नका, सरळ पुढे चालायचं.

हो, आणि काच रविवारी टाकायची नाही. खळखळाटाने लोकांची विश्रांती मोडते म्हणून मनाई आहे. पहिल्या वर्षी मी रविवारी दुपारी बरण्यांची पिशवी घेऊन गेले होते. तिसरी बरणी टाकली आणि वरच्या खिडकीतून एक आजोबा असे काही गरजले, की उरलेल्या पाच बरण्या मी घरी परत आणल्या. त्यातल्या दोन अजून आहेत, आई. मसाले भरायला ठेवल्यात तुझ्यासाठी.

तिकीट छापून घ्या, मोबाइलवर विसंबू नका.

तुमची,
धाकटी